नारळवाला माणूस कोणाचा

पद्माकरकाकांनी नारळ फोडल्याशिवाय आयुष्यात काही सुरू केलं असेल तर ते फक्त स्वतःचं आयुष्य, आणि तेही तेव्हा त्यांच्या हातात नारळ मावत नव्हता म्हणून. मेलबर्नच्या कडेला पॉइंट कुकच्या घरात पाऊल टाकताना त्यांनी नारळ वाढवला, हे समजण्यासारखं आहे. नवी गाडी आली तेव्हा चाकांखाली लिंबं आणि बंपरपुढे नारळ, हेही समजण्यासारखं. त्या गल्लीत ते घरोघरी चालायचं. पण काकांनी गवत कापायच्या मशीनपुढे नारळ फोडला, डिशवॉशरपुढे फोडला, आणि मुलीच्या, उर्वीच्या, दातांना तार बसवायची होती तेव्हा डेंटिस्टच्या पार्किंगमध्ये फोडला. ऑफिसात त्यांची टीम नवं सॉफ्टवेअर चालू करणार असली की काका लंचमध्ये हळूच खाली उतरत आणि सायकली लावायच्या कट्ट्यावर एक नारळ वाढवून येत. त्यांच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा तर त्या कंपनीचा सर्व्हर तेव्हापासून एकदाच बंद पडला, आणि तोही काका पुण्याला गेले होते त्या आठवड्यात. सर्व्हरला म्हणे करमलं नाही.

अवधूत त्यांचा कोण, हे सांगायला बसलं की चहा निवायचा. त्याच्या आईच्या मावसबहिणीचे धाकटे दीर म्हणजे काका. त्यामुळे सगळे नुसतं 'काका' म्हणून मोकळे होत. ज्या वर्षी विमानं भरभरून पोरं मेलबर्नला उतरत होती त्या वर्षी अवधूतही उतरला. तेव्हा विमानतळाच्या पट्ट्यावर बॅगांपेक्षा प्रेशर कुकर जास्त फिरत, आणि भाड्याची एक खोली बघायला अशी रांग लागे की शेवटच्या पोराचा नंबर येईपर्यंत त्याची डिग्री हातात यावी. काकांनी त्याला घरी आणलं आणि सांगितलं, खोली मिळेपर्यंत राहा. मग खोली कोणी शोधलीच नाही. विमलकाकूंनी त्याचा डबा सुरू केला, उर्वीने त्याला वायफायचा पासवर्ड दिला, आणि बुधवारी कचऱ्याचे डबे रस्त्यावर नेऊन ठेवायचं काम त्याच्याकडे आलं. लाल झाकणाचा दर बुधवारी, पिवळ्या झाकणाचा एक बुधवार सोडून. चुकला की काका ओरडत. घरचा झाला म्हणायला दुसरी काय खूण असते?

अवधूत लांब उडी मारायचा. पुण्यात सणस मैदानावर पहाटेपासून घाम गाळून तो विद्यापीठाच्या संघाच्या उंबरठ्यापर्यंत दोनदा पोचला होता आणि दोन्ही वेळा उंबरठ्यावरच राहिला होता. इथे युनित, म्हणजे इथल्या विद्यापीठात, आल्यावर त्याने ठरवलं, डिग्री तर सगळेच घेऊन जातील. आपण युनिच्या संघात जायचं आणि देशभरच्या युनिव्हर्सिटींच्या स्पर्धेत उतरायचं. लांब उडीसाठी दोघांना घेणार होते. त्याला त्या दोघांतला एक व्हायचं होतं. झोपेतही तो पाय मागे घेऊन धाव मोजायचा आणि पलंगावरून खाली पडायचा.

आणखी एक गोष्ट त्याला हवी होती, पण ती त्याने कोणाला सांगितली नव्हती, स्वतःलाही नीटशी नाही. लेक्चरला बसलं की अर्धा वर्ग त्याच्यासारखाच दिसायचा. ट्रेनमध्ये, सुपरमार्केटमध्ये, सगळीकडे 'अजून एक आला' अशी नजर अंगावरून फिरून जायची. कदाचित फिरतही नसेल, पण त्याला वाटायची. ट्रॅकवर मात्र त्याच्यासारखा तो एकटाच होता. तिथे तो अवधूत नव्हता, अवी होता. अवी 'आफ्टरनून' न म्हणता 'आर्व्हो' म्हणायचा, सगळ्याला 'नो वरीज' म्हणायचा, आणि डब्यातली पोळी-भाजी गाडीतच संपवून मैदानावर फक्त केळं घेऊन उतरायचा.

गाडी काकांची. सरावाला कधी ते सोडत, कधी आणायला येत. ती गाडी काका इतकी स्वच्छ ठेवत की माशीसुद्धा पाय पुसून आत यायची. त्यामुळे सरावाहून परतताना दरवाजा उघडायच्या आधीच ठरलेली आरोळी यायची, "शूज झटक रे आधी, गाढवा. सगळी वाळू घरी आणतोस."

निवड चाचणीचा पहिला शनिवार आला. युनिचं मैदान शहराच्या दुसऱ्या टोकाला, वेस्ट गेट ब्रिज ओलांडून पलीकडे. काका म्हणाले, मी थांबतो आज, बघतो तरी तुझी उडी. अवधूतने वाटेत बजावून सांगितलं की तुम्ही आपले वर स्टँडमध्ये सावलीत बसा, ऊन लागेल. 'ऊन लागेल' म्हणजे 'लोक बघतील', हे त्या गाडीत एकालाच माहीत होतं. काकांच्या पायाशी एक कापडी पिशवी होती. तिच्याकडे त्याचं लक्ष गेलं नाही.

वॉर्म-अप संपवून तो वळला तेव्हा काका स्टँडमध्ये नव्हते. ते धावपट्टीच्या टोकाशी ओणवे झाले होते. अंगात मंडळाच्या गणेशोत्सवाचा टी-शर्ट, ऑफिसची पँट, मोज्यांवर सँडल, डोक्यावर क्रिकेट बघायची मोठी टोपी. धावत येऊन जिथून पाय उचलायचा त्या पांढऱ्या फळीला ते कुंकवाची बोटं ओढत होते. त्यांच्या दृष्टीने ती फळी म्हणजे उंबरठा. पोरगा दोनदा उंबरठ्यावर अडला होता, आता तिसऱ्यांदा अडू नये, एवढा साधा हिशेब. मग ते वाळूच्या खड्ड्यापर्यंत चालत गेले, सिमेंटच्या कडेजवळ उकिडवे बसले, डोळे मिटले आणि नारळ आपटला.

तो नारळ असा फुटला की पलीकडे गोळा फेकणाऱ्याचा गोळा हातातच राहिला. स्टार्टरचं पिस्तूल उडालं समजून ट्रॅकवरच्या दोन पोरी सुसाट निघाल्या आणि पहिलं वळण घेतल्यावर थांबल्या. नारळाचं पाणी धावपट्टीवर पसरलं, अर्धी वाटी काकांच्या हातात राहिली आणि बाकीच्या ठिकऱ्या वाळूत गेल्या.

लांब उडीच्या पंच होत्या जॉईसबाई. सत्तरी ओलांडलेल्या, रुंद कडांची टोपी, एका हातात पांढरा झेंडा आणि दुसऱ्यात लाल. त्यांनी आधी फळीवरचं लाल पाहिलं आणि कोणाचा तरी पाय फुटला समजून फर्स्ट एडवाल्याला हाक मारली. तो धावत आला तेव्हा काका खोबऱ्याच्या तुकड्यांवर साखर टाकून प्रसाद वाटत होते. पहिला त्यालाच दिला.

बाई वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, या खड्ड्यात मी कुत्रे पाहिलेत, मॅगपाय पक्षी पाहिलेत, एकदा फोटो काढायला आलेली नवरीही पाहिली, पण करवंटी नाही. एखादी ठिकरी राहिली आणि पोराच्या मांडीत घुसली तर जबाबदार कोण? आता सगळी वाळू चाळावी लागेल. तोवर स्पर्धा थांबवा. मग त्यांनी मान वर करून सगळ्यांना विचारलं, हे गृहस्थ कोणाबरोबर आलेत?

सगळे अवधूतकडे बघायला लागले. कारण उघड होतं. एवढ्या मैदानात त्या रंगाचे दोनच जण होते.

ब्रेट नावाचा त्याच्याच गटातला जम्पर शेजारी उभा होता. त्याने सहज, कसलाही काटा न ठेवता विचारलं, "युअर डॅड, अवी?"

अवधूत खाली वाकला आणि बुटाची बांधलेली नाडी पुन्हा बांधू लागला.

"नो आयडिया, मेट," तो बुटाला म्हणाला. "नेव्हर सीन हिम."

काका हाताच्या अंतरावर होते. मधला, जाड, सगळ्यात मोठा तुकडा त्यांनी त्याच्यासाठी बाजूला काढला होता आणि तोच हात त्यांनी पुढे केला होता. हात हवेत थोडा थांबला, मग वळला, आणि तो तुकडा ब्रेटला गेला. काकांनी जॉईसबाईंना आपल्या इंग्रजीत सांगितलं की सॉरी मॅडम, माझा कार्यक्रम दुसऱ्या मैदानावर आहे, मी चुकून इथे आलो. मग त्यांनी खिशातला रुमाल काढला, गुडघ्यावर बसून फळीवरचं कुंकू पुसलं, आणि दिसल्या तेवढ्या ठिकऱ्या वेचून पिशवीत भरल्या. जॉईसबाई त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत चालत गेल्या. फाटक लावून घेतल्याचा आवाज आला.

ब्रेट खोबरं चावत म्हणाला की छान लागतंय हे.

त्या दिवशी अवधूतने जन्मात मारली नव्हती अशी उडी मारली. जमिनीवर पाय ठेवायलाच लाज वाटत होती म्हणून की काय, तो हवेत जरा जास्त राहिला. पांढरा झेंडा वर गेला, टाळ्या झाल्या. पुढच्या शनिवारच्या शेवटच्या चाचणीसाठी तिघं राहिले: ब्रेट, एक उंच चिनी पोरगा, आणि तो. त्यातले दोघं जाणार.

पार्किंगमध्ये गाडी उभी असेल का, याची त्याला भीती वाटत होती. नसेल का, याची जास्त. गाडी होती. काका काच पुसत होते. त्याला पाहिल्यावर त्यांनी मागचा दरवाजा उघडून धरला.

"या, बसा. कुठे सोडायचं आपल्याला?"

अवधूत हसला. काका हसले नाहीत. त्याने शूज काढून झटकायला घेतले तसे काका घाईने म्हणाले, "राहू द्या, राहू द्या. तुम्ही कशाला त्रास घेताय?"

तो मागे बसला. ब्रिजवरून जाताना काकांनी पाहुण्याला दाखवावी तशी त्याला खाडी दाखवली.

घरी काय सांगितलं गेलं कोण जाणे. विमलकाकूंनी कपाटातले बशीवाले कप काढले. ते कप मंडळाचे अध्यक्ष आले तरच निघत. चहाबरोबर चिवड्याची वाटी आली, वाटीत चमचा आला, आणि काकूंनी समोर बसून विचारलं, साखर चालते ना, आणि आपलं मूळ गाव कुठलं. उर्वी जिन्यावरून बघत होती. "आर वी डूइंग धिस नाऊ? ओके," म्हणत ती खाली आली आणि त्याच्याशी हात मिळवला. "हाय. आय'म उर्वी."

गंमत आहे, उद्यापर्यंत संपेल, असं त्याला वाटलं. पण काका जे सुरू करत ते नारळ फोडून करत, आणि तसं सुरू झालेलं मध्येच बंद पडत नसे. रविवारी त्याच्या पलंगावर घडी घातलेला नवा टॉवेल होता, वर साबणाची न उघडलेली वडी. जेवायला आधी त्याचं ताट वाढलं जाई. त्याने ताट उचललं की काकू हातातून काढून घेत, अहो पाहुण्यांनी कशाला. भात करपला होता त्या दिवशी सगळ्यांनी करपलेला खाल्ला आणि त्याच्या पानात वरचा पांढरा पडला. अवधूतला तो गिळताना करपलेल्या भाताची अशी भूक लागली की विचारू नका.

बुधवारी संध्याकाळी तो लायब्ररीतून धावत आला, कारण डबे बाहेर न्यायचे होते. गल्लीच्या तोंडाशीच त्याला चाकांची खडखड ऐकू आली. काका एका हातात लाल झाकण आणि एका हातात पिवळं ओढत चालले होते. ते म्हणाले, "आलात? आत चहा आहे."

युनित तर वेगळीच तऱ्हा होती. ब्रेटने ती नारळाची गोष्ट सगळ्यांना सांगितली, आणि गोष्टीला पाय फुटले. सोमवारी तिच्यात एक माणूस आणि एक नारळ होता. गुरुवारपर्यंत तो माणूस कुंपणावरून उडी मारून आला होता, त्याच्याकडे गोणीभर नारळ होते, आणि जॉईसबाईंनी त्याला झेंड्यांनी हाणत बाहेर काढलं होतं. सगळे हसत होते. अवीही हसला. कोणीतरी विचारलं की तो चालायचा कसा, तेव्हा अवी उठला, पोट जरा पुढे काढलं आणि सँडल फरफटवत चालून दाखवलं. हुबेहूब. रोज तर बघत होता. ब्रेटच्या डोळ्यांतून पाणी आलं हसून हसून. अवधूत चार पावलं चालला आणि पाचव्याला त्याला स्वतःचं प्रतिबिंब कँटीनच्या काचेत दिसलं. त्यानंतर तो त्या टेबलाशी परत जाऊच शकला नाही. ट्युटोरियल आहे सांगून सटकला आणि संडासात जाऊन उभा राहिला.

त्याच दिवशी आईचा फोन आला. ती भलतीच खुशीत होती. काकांनी तिला सगळं सांगितलं होतं म्हणे. अवधूतने फोन दुसऱ्या कानाला लावला. आई म्हणाली, काका सांगत होते, तू एवढी लांब उडी मारलीस की टेप पुरली नाही, दुसरी आणायला माणूस गाडीने गेला. तो येईपर्यंत तुला वाळूतच बसवून ठेवलं होतं म्हणे, खूण बिघडू नये म्हणून. खरं का रे?

"त्यांनी आणखी काय सांगितलं?"

"आणखी काय? म्हणाले, पोराने नाव काढलं. मैदानावर सगळ्यांशी ओळख करून दिलीस ना त्यांची?"

हो म्हणाला तो. आणि तेवढ्यासाठी रात्रभर छताकडे बघत पडला.

शुक्रवारी त्याने काकांना गाठलं. ते बागेत कढीपत्त्याला पाणी घालत होते. त्याने "काका, त्या दिवशी" एवढंच म्हटलं, तर काका अगदी मनापासून आश्चर्य वाटल्यासारखे वळले. त्या दिवशी काय? आपली तर तेव्हा ओळखही नव्हती. माफी ओळखीच्या माणसाची मागतात. आणि त्यांनी पाइप दुसऱ्या झाडाकडे वळवला.

स्वयंपाकघरात काकू मटार सोलत होत्या. त्यांनी खिडकीतून पाहिलं असणार. त्याच्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "बाहेर काढलं त्याचं त्यांना काही नाही रे. नारळ घेऊन गेलेत तिथून निम्म्या ठिकाणी त्यांना बाहेर काढलंय. डेंटिस्टने तर पोलीस बोलवायचं बाकी ठेवलं होतं. पण तेव्हा उर्वी त्यांचा हात धरून उभी होती. दातांत बोळे होते तिच्या, तरी सगळ्यांना सांगत होती, ही इज माय डॅड." काकूंनी एक शेंग उगीचच परत सोलली. मग त्यांना आठवलं. "मटार चालतात ना आपल्याला?"

दुसरा शनिवार. काका त्याला घेऊन निघाले. अवधूतने गाडीत बसताना पायांशी पाहिलं, सीटमागे पाहिलं. पिशवी नव्हती. ती नाही म्हणून त्याला हायसं वाटायला हवं होतं. काकांनी गाडी पार्किंगच्या अगदी टोकाला, झाडाखाली लावली, सीट मागे केली आणि टोपी तोंडावर ओढली. "तुमचं होऊ द्या सावकाश. मी आहे इथे."

वाळू सारखी करायला दर स्पर्धेला कोणीतरी लागतं. प्रत्येक उडीनंतर मोजणी झाली की खूण पुसून वाळू पुन्हा सपाट करायची. ते काम उडी मारणाऱ्यांच्याच घरच्यांनी आळीपाळीने करायचं, अशी तिथली पद्धत. गेल्या खेपेला ब्रेटच्या वडिलांनी केलं होतं. चिनी पोराची बहीण त्याआधी. चाचणीच्या आधीच्या सराव-स्पर्धांपासून जॉईसबाई अवधूतला दर वेळी विचारत, तुझं कोणी आलंय का बाळा. तो सांगे, माझं इथे कोणी नाही. बाई मग हळहळत, आणि एकदा त्यांनी आपलं अर्धं सँडविच त्याला दिलं होतं. ते त्याने खाल्लंही होतं.

आज त्यांनी परत विचारलं. वाळू ओढायचं दाताळं त्यांच्या हातात होतं. ब्रेट जवळच पाय ताणत होता.

अवधूतने हातातलं केळं खाली ठेवलं. तो वळला आणि फाटकातून बाहेर पडला. पायात खिळ्यांचे बूट, आणि खाली डांबर. कटकट कटकट असा आवाज करत तो सबंध पार्किंग चालत गेला. एवढं लांब पार्किंग त्या मैदानाला आधी नव्हतं. त्याने काचेवर टकटक केली. काकांनी टोपी सरकवून काच खाली केली.

"काका, चला. वाळू सारखी करायला माणूस हवाय."

"कोणाचा माणूस?"

"उडी मारणाऱ्याचा. घरचा लागतो."

"मग शोधा की तुमच्या घरचा."

"शोधला. गाडीत झोपलाय."

काकांनी सीट सरळ केली. दूर मैदानावर कोणाची तरी शिट्टी वाजली.

"आणि तिथे कोणी विचारलं, हा कोणाबरोबर आहे, तर?"

"मी सांगेन."

"सांगाल? की बुटाची नाडी बांधाल?"

म्हणजे त्यांनी तेही पाहिलं होतं. अवधूतची मान खाली गेली. त्याच्या डाव्या बुटाची नाडी आता खरंच सुटली होती. त्याने ती तशीच ठेवली. काका उतरले, गाडी लॉक केली, लॉक झाली का ते नेहमीसारखं दोनदा ओढून पाहिलं, आणि त्याच्या मागून चालू लागले.

जॉईसबाईंनी त्यांना फाटकातच ओळखलं. "यू आर द कोकोनट जंटलमन," म्हणून त्या त्यांच्या हातांकडे बघायला लागल्या. हात रिकामे होते. ब्रेट उठून उभा राहिला. चिनी पोरगा, त्याची बहीण, फर्स्ट एडवाला, सगळे थांबले.

अवधूतने जे सांगायचं ते इंग्रजीत सांगितलं, आणि त्या इंग्रजीत 'मेट' नव्हतं, 'नो वरीज' नव्हतं. हे माझे काका आहेत. मी यांच्या घरी राहतो, यांच्या गाडीतून इथे येतो. त्या दिवशीही हे माझे काकाच होते. मी खोटं बोललो.

कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. जॉईसबाईंनी दोन्ही झेंडे एका हातात घेतले.

त्या म्हणाल्या, "या माणसाला मी फाटकाबाहेर नेऊन सोडलं. आणि तू उभा राहून बघत होतास."

"हो."

तेव्हा काका मध्ये पडले. त्यांनी बाईंना समजावलं की मॅडम, पोराचा दोष नाही, त्याला लांबचं नीट दिसत नाही, लहानपणापासून. त्याने मला ओळखलंच नसेल.

"फळी बरी दिसते त्याला," जॉईसबाई म्हणाल्या आणि दाताळं काकांच्या हातात दिलं. मग काकांची माफी मागितली, नीट, टोपी काढून. काका "नो वरीज, मॅडम" म्हणाले. ब्रेट अवधूतकडे बघत होता. कँटीनमधली ती चार पावलं त्या दोघांच्या मध्ये चालत असल्यासारखी वाटली. मग ब्रेट काकांशी हात मिळवायला गेला, आणि त्यांना विचारलं की आज ते खोबरं आणलंय का.

काकांनी वाळू आधी चुकीची केली. दाताळ्याने त्यांनी अशा सुबक रेघा ओढल्या की बाईंना सांगावं लागलं, इथे शोभा नको, सपाटी हवी. ओढता ओढता दाताळ्याला काहीतरी अडकलं. काका वाकले. नखाएवढी करवंटीची ठिकरी, एवढ्या चाळणीतून सुटलेली. त्यांनी ती अंगठ्याने पुसली आणि गुपचूप खिशात टाकली. अवधूतने पाहिलं.

आता कोणीतरी गोष्ट रंगवून सांगणारा असता तर अवधूत त्या दिवशी वाळू ओलांडून पलीकडच्या टेनिस कोर्टात जाऊन पडला असता. तसं झालं नाही. पहिल्या उडीला त्याचा अंगठा फळीच्या पुढे गेला; लाल झेंडा. दुसऱ्या उडीला पाय शिशाचे झाले होते. काकांनी ती खूण एका फटक्यात पुसली, जशी ती कोणी पाहायलाच नको होती. शेवटच्या उडीला मात्र तो उठला. खरंच उठला, काकांचं तोंड उघडं राहिलेलं त्याला वरून दिसलं. तो लांब जाऊन पडला, अगदी लांब, आणि पडता पडता तोल जाऊन त्याचा हात मागे टेकला. उडी हाताच्या खुणेपासून मोजतात. टेप लावली गेली. टेप पुरली. भरपूर उरली.

काका दाताळं घेऊन त्या खुणेपाशी उभे राहिले. पुढे पायांची खोल खूण होती, मागे हाताचा पंजा. बाईंनी सांगितलं, पुसा. त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं.

ब्रेट आणि चिनी पोरगा संघात गेले. अवधूत राखीव. दोघांतल्या कोणाचा पाय मुरगळला तर त्याला फोन येणार होता. ब्रेटने जाताना त्याच्या खांद्यावर हात ठेवला. अवी म्हणायला तोंड उघडलं आणि मग त्याचं पूर्ण नाव काय म्हणून विचारलं. अवधूतने सांगितलं. ब्रेटला ते म्हणता आलं नाही, पण त्याने प्रयत्न सोडला नाही.

पार्किंगमध्ये काका पुढे, तो मागे. या वेळी मागचा दरवाजा कोणी उघडून धरला नाही. अवधूतने पुढचा दरवाजा उघडला आणि शूज न झटकता, पँट न झटकता, मोज्यांत मूठमूठ वाळू तशीच घेऊन तो काकांच्या शेजारी बसला. मुद्दाम. चटईवर वाळू सरसर सांडली. काकांनी ऐकलं असणारच. त्यांनी आरसा नीट केला. गाडी सुरू केली.

ब्रिज आला. काकांनी खाडी दाखवली नाही. फ्रीवे आला. अवधूतने पाय हलवले, आणखी वाळू सांडली. काका रस्त्याकडे बघत होते. पॉइंट कुकची एक्झिट आली, गल्ली आली, गॅरेजचं दार वर गेलं. इंजिन बंद झालं. त्या शांततेत अवधूतला वाटलं, आता हे म्हणतील, राहू द्या, काही हरकत नाही. आणि तसं म्हणाले तर आपण उद्या खोली शोधायला लागायचं.

काकांनी आतला दिवा लावला आणि वाकून त्याच्या पायांशी पाहिलं.

"हे काय आहे?"

"वाळू."

"वाळू आहे ते दिसतंय मला. मला लांबचं दिसतं. आणली कोणी?"

"मी."

"मग आता ती काढायला तुझ्या आईला पुण्याहून बोलावू? किती वेळा सांगितलं, बसायच्या आधी शूज झटक म्हणून. गाढवा. अवध्या, ऊठ. व्हॅक्यूम कुठे असतो माहीत आहे ना, का तोही ओळखीचा नाही?"

व्हॅक्यूम कुठे असतो ते त्याला माहीत होतं. तो घेऊन आला, गुडघ्यांवर बसला आणि सीटखाली नळी घातली. वाळू खडखडत आत जाऊ लागली. स्वयंपाकघराच्या दारातून उर्वीने काहीतरी विचारलं, आणि काकूंनी तिला हळू आवाजात काहीतरी सांगितलं. मशीनच्या आवाजात ते ऐकू आलं नाही. काका त्याच्या डोक्याशी उभे होते. त्यांनी खिशातली ठिकरी काढून डॅशबोर्डवर, गणपतीच्या पायाशी ठेवली आणि बोट दाखवायला लागले. तिथे राहिलीय. त्या कोपऱ्यात. नाही, त्या नाही, पलीकडच्या.

पलीकडच्या कोपऱ्यात काही नव्हतं. अवधूत तरी तिथे नळी फिरवत राहिला, बराच वेळ, कारण मशीन बंद केलं असतं तर तोंड वर करावं लागलं असतं.